मेपलच्या रानातला कटर

मेपल झाडाचा रस वाहून आणणारी नळी कापायला कोणते हत्यार घ्यावे, हा प्रश्न ऐकायला फुटकळ वाटतो. आतून जेमतेम आठ मिलिमीटर पोकळ असलेली प्लॅस्टिकची नळी स्वयंपाकघरातल्या कात्रीनेही तुटते. तरीही कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात किंवा अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात ज्यांचा वर्षाचा हिशेब या रसावर चालतो, ती मंडळी कटर घेताना कमालीची चोखंदळ असतात. नळी कशीही तोडली तरी चालते, असे मानणाऱ्याला त्याची किंमत हंगामभर थोडी थोडी मोजावी लागते. आणि ती कुठे मोजली गेली, हे त्याला सहसा कळतही नाही.

शुगर मेपल या झाडाचा रस हिवाळा सरता सरता वाहू लागतो. रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली आणि दिवसा वर, असे दिवस सुरू झाले की खोडातला दाब कमीजास्त होतो आणि पाडलेल्या छिद्रातून रस झिरपतो. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळातले चारसहा आठवडे हाच हंगाम. या रसात साखर असते सुमारे २ टक्के, म्हणून १ लिटर पाक हवा असेल तर ४० लिटर रस आटवावा लागतो. पूर्वी प्रत्येक झाडाला बादली टांगत आणि भरलेल्या बादल्या घोड्यांच्या बर्फगाडीवरून वाहून नेत. १९५९ मध्ये व्हरमाँटच्या नेल्सन ग्रिग्ज यांना नळ्यांतून रस गोळा करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. पुढच्या काही दशकांत व्यापारी उत्पादनातून बादल्या हळूहळू मागे पडल्या. आज जगातल्या मेपल पाकापैकी सुमारे ७० टक्के पाक एकट्या क्वेबेकमध्ये तयार होतो आणि त्यासाठीचा बहुतेक रस नळ्यांमधूनच येतो.

या जाळ्याची रचना साधी आहे. खोडात ठोकलेल्या तोटीला पाऊण ते एक मीटर लांबीचा नळीचा तुकडा जोडलेला असतो. तो खाली येऊन टीच्या, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाच्या, साहाय्याने लॅटरल या आडव्या नळीला मिळतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे ताणून नेलेल्या अशा लॅटरल उताराने जाऊन मेनलाइनला मिळतात, आणि ताठ तारेला बांधलेली जाड मेनलाइन टाकीपर्यंत जाते. महाराष्ट्रातल्या ज्या शेतकऱ्याने ठिबकचा संच स्वतः जोडला आहे, त्याला यातले टी, जॉइनर, लॅटरल सगळे ओळखीचे वाटेल. फक्त एक गोष्ट उलटी आहे. ठिबकमध्ये पाणी दाबाखाली असते, म्हणून सांधा सैल राहिला की तिथली माती ओली होते आणि चूक लगेच दिसते. मेपलच्या जाळ्यात टोकाला बसवलेला पंप हवा ओढून घेत असतो. तिथे सैल सांध्यातून रसाचा थेंबही बाहेर पडत नाही. बाहेरची हवा आत शिरते. विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाइप चिरला की पंप हवा धरतो, तोच हा प्रकार, पण हजारो सांध्यांवर पसरलेला.

कटरची निवड ठरते ती या एका गोष्टीवर. चांगल्या संचात पाऱ्याच्या २५ ते २८ इंचांइतकी निर्वात अवस्था राखतात. संपूर्ण पोकळी म्हणजे सुमारे ३० इंच. ही पातळी एका इंचाने वाढली तर रस ५ ते ७ टक्क्यांनी वाढतो, असा या क्षेत्रातल्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. म्हणजे दहावीस सांध्यांनी मिळून दोन इंच खाल्ले, तर दहा टक्क्यांच्या आसपास रस झाडातच राहिला. पंप मोठा बसवून हे भरून काढता येते, पण तो महागडा उपाय झाला. सांधा मुळात हवाबंद बसवणे केव्हाही स्वस्त.

सांधा हवाबंद कशाने होतो, ते टी हातात घेऊन पाहिले की कळते. तिच्या प्रत्येक तोंडाला दोनतीन गोल दाते असतात. ते नळीच्या आतल्या पोकळीपेक्षा किंचित जाड असतात आणि त्यांच्या मागे एक खांदा असतो. नळी दात्यांवरून सरकत जाऊन खांद्याला टेकली पाहिजे. नळीचे तोंड काटकोनात कापलेले असेल तर ते खांद्याला सगळीकडून सारखे भिडते. तिरके कापले असेल तर एक बाजू टेकते आणि दुसरी दोन मिलिमीटर मागे राहते. त्या बाजूचा शेवटचा दाता उघडा पडतो आणि पकड तेवढी कमी होते. बाहेरून बघणाऱ्याला सांधा बसलेलाच दिसतो.

तिरकेपणा हा पहिला दोष. दुसरा दोष दाबल्याचा. बोथट किंवा जाड पात्याने नळी आधी चेपते आणि मग तुटते, त्यामुळे तोंड गोल न राहता अंडाकृती होते. प्लॅस्टिक पुष्कळसे पूर्ववत होते हे खरे, पण थंडीत ते सावकाश होते, आणि कामगार तोपर्यंत थांबत नाही. तिसरा दोष सगळ्यांत वाईट, आणि तो म्हणजे काठावरची बारीक चीर. नळीच्या लांबीच्या दिशेने गेलेली एखादी मिलिमीटरची चीर दात्यांवर ताणली गेली की वाढते, आणि आतला रस रात्री गोठून फुगतो तेव्हा आणखी वाढते. फेब्रुवारीत हवाबंद असलेला सांधा मार्चअखेरीस हवा घेऊ लागतो, त्यामागे बहुधा अशीच चीर असते.

आता हत्यारांकडे. सगळ्यांत स्वस्त म्हणजे घडीचा किंवा सरकत्या पात्याचा चाकू. त्याची धार उत्तम असते, पाते पातळ असते, त्यामुळे नळी चेपत नाही. पण हातात धरलेली नळी चाकूने काटकोनात कापणे जवळपास अशक्य आहे. पाते शिरताच नळी वाकते आणि काप तिरका जातो. शिवाय हवेत धरलेली नळी कापताना चाकू पलीकडच्या बाजूने सुटतो, तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या दिशेने. उणे दहा अंशांत जाड हातमोजे घालून, गुडघाभर बर्फात तोल सावरत हे करायचे म्हणजे धोक्याला आमंत्रणच. चाकू खिशात असावा, पण नळी कापण्यासाठी नव्हे.

करवतीचा तर विचारही नको. काप सरळ येतो, पण भुसा पडतो. प्लॅस्टिकचे ते कण नळीतून वाहत जाऊन पुढच्या सांध्याच्या तोंडाशी अडकतात. अलीकडे तीव्र उताराच्या रानात आतून पाच मिलिमीटरहून किंचित कमी पोकळीची बारीक नळी वापरतात. तिच्यात रस खाली ओघळताना पूर्ण नळी भरून वाहतो आणि त्या स्तंभाच्या वजनानेच मागे पोकळी तयार होते, पंपाची गरज राहत नाही. नऊदहा मीटरचा उतार मिळाला तर ही नैसर्गिक ओढ चांगल्या पंपाच्या तोडीची होते. पण या नळीच्या टीचे तोंड इतके अरुंद असते की एखादा कणसुद्धा ते बुजवू शकतो. तांब्याच्या पाइपसाठी असलेला, फिरवत फिरवत कापणारा चाकाचा कटरही इथे कुचकामी ठरतो. मऊ नळी त्यात चेपते, आणि दोन झाडांमध्ये ताणलेल्या लॅटरलभोवती तो फिरवायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

छाटणीची कात्री, म्हणजे द्राक्षबागायतदारांचा सिकेटर, हे मेपलच्या रानातले सर्रास दिसणारे हत्यार. ते लोकप्रिय होण्याचे कारण सरळ आहे: आडवी आलेली फांदीही त्यानेच तोडता येते, एका हाताने चालते आणि कमरेच्या म्यानात मावते. सिकेटरचे दोन प्रकार असतात. एकात धारदार पाते सपाट पट्टीवर येऊन आदळते. त्यात नळी पट्टीवर चेपली जाते, म्हणून तो टाळावा. दुसऱ्यात दोन वक्र पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात. यात चेपणे कमी, पण पाती एका बाजूला असल्यामुळे नळीला बाजूला ढकलण्याची खोड असते आणि काप पाचदहा अंशांनी कलतो. सरावलेला हात मनगट किंचित उलटे वळवून हे सावरतो. नवख्याला ते जमायला वेळ लागतो. आणखी एक पथ्य असे की नळीच्या सिकेटरने फांद्या तोडू नयेत. सालीचा चीक आणि लाकडाच्या गाठी धार मारतात, आणि ती मेलेली धार पुढच्या नळीवर चीर पाडते. दोन सिकेटर बाळगण्याचा सल्ला बहुतेक जण ऐकतात आणि थोडेच पाळतात.

नळीसाठीच बनवलेला छोटा कटर याहून बरा. त्यात नळी बसायला इंग्रजी व्हीच्या आकाराची किंवा अर्धगोल खाच असते आणि समोरून ब्लेडसारखे पातळ पाते सरळ खाली येते. खाच नळीला काटकोनात धरते, त्यामुळे हाताच्या कौशल्यावर फारसे काही सोडलेले नसते. पातळ पात्याचा फायदा समजून घेण्यासारखा आहे. पाते प्लॅस्टिकमध्ये शिरते तेव्हा त्याच्या जाडीइतके प्लॅस्टिक बाजूला सरावे लागते. जाड पाते पाचरीसारखे वागते आणि कापण्याआधी फाडते. कडक थंडीत, जेव्हा प्लॅस्टिक लवचीक न राहता ठिसूळपणाकडे झुकते, तेव्हा हे फाडणेच चिरीचे रूप घेते. पातळ पाते हा धोका टाळते. त्याची उणीव एवढीच की ते लवकर बोथट होते आणि फांदीवर एकदा जरी चालवले तरी वाकते. म्हणून बदलता येणारी पाती असलेलाच कटर घ्यावा आणि पात्यांचे पाकीट खिशात असू द्यावे.

इथपर्यंतची सगळी हत्यारे फक्त कापतात. ताणलेल्या लॅटरलमध्ये नवी टी बसवायची तर कापणे हे निम्मेच काम असते. लॅटरल घट्ट ताणलेली असते. मधोमध कापली की दोन्ही टोके झटकन मागे जातात. मग एका हाताने एक टोक ओढायचे, दुसऱ्याने दुसरे, आणि टी धरायला तिसरा हात हवा. या अडचणीतून दुहेरी पकडीचे हत्यार जन्माला आले. मेपलच्या कामासाठी खास म्हणावे असे हत्यार हेच.

दोन लांब मुठी, त्यांच्या टोकाला नळी गच्च धरणारे दोन जबडे आणि दोन्ही जबड्यांमध्ये थोडी जागा, असे त्याचे रूप असते. लॅटरलवर ते चढवायचे आणि जबडे आवळायचे. आता नळीला दोन ठिकाणी पकडले आहे आणि मधल्या तुकड्यावरचा ताण हत्याराने स्वतःवर घेतला आहे. मधल्या जागेत नळी कापायची. काही हत्यारांत यासाठी पाते तिथेच बसवलेले असते, काहींत वेगळा कटर वापरावा लागतो. कापल्यावर टोके पळून जात नाहीत, एकमेकांसमोर उभी राहतात. मग त्यांच्या मध्ये टी ठेवायची आणि मुठी जवळ आणायच्या. दोन्ही नळ्या एकाच वेळी, सरळ रेषेत, टीच्या दात्यांवर चढतात आणि खांद्याला टेकतात. जबडे सोडले की झाले. सरावाने हे सगळे अर्ध्या मिनिटाच्या आत उरकते.

हे हत्यार येण्यापूर्वी, आणि अजूनही काही लहान रानांत, थर्मॉसमध्ये गरम पाणी नेण्याची रीत आहे. नळीचे टोक गरम पाण्यात बुडवले की ते मऊ होते आणि दात्यांवर सहज चढते. पण मऊ झालेली नळी ताणली जाते आणि थंड झाल्यावर पूर्वीइतकी आवळत नाही. थर्मॉस दुपारपर्यंत कोमट होतो, हातमोजे भिजतात, आणि ओले हातमोजे घालून उणे तापमानात काम करणे काही सुखाचे नसते. गार नळी जोर लावून चढवली की ती दात्यांना अधिक घट्ट बसते. दुहेरी पकडीचे हत्यार महाग असले तरी त्याचे समर्थन मुख्यतः याच मुद्द्यावर होते. वेळ वाचतो तो वरकड नफा.

ते घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. जबडे आपल्या नळीच्या बाहेरच्या जाडीला जुळणारे हवेत. आठ मिलिमीटर पोकळीच्या नळीचे जबडे बारीक नळीला पकडत नाहीत, ती सुळकन निसटते. जबड्यांना आतून खाचा असाव्यात, कारण नळीवर बर्फाचा पापुद्रा असेल तर गुळगुळीत जबडा घसरतो. पण त्या खाचा इतक्या तीक्ष्ण नसाव्यात की नळीलाच जखम होईल. आणि जबड्यांमधले अंतर आपण वापरतो त्या टीला पुरेसे असावे, कारण निरनिराळ्या उत्पादकांच्या टी लांबीला एकसारख्या नसतात. दुकानात जाताना खिशात आपली एक टी आणि हातभर नळी घेऊन जाणे सर्वांत सोपे.

वजनाचा आणि हाताचा विचारही करावा लागतो. एका तोटीमागे लॅटरलवर एक काप आणि खाली येणाऱ्या तुकड्याचा एक, असे दोन काप धरले तर हजार तोट्यांचे रान उभे करताना दोन हजार काप होतात. मोठ्या रानांत तोट्यांची संख्या दहावीस हजारांच्या घरात जाते. एवढ्या वेळा मूठ आवळायची तर कडक स्प्रिंगचा सिकेटर संध्याकाळपर्यंत मनगट धरतो. म्हणून शहाणी माणसे खाली येणाऱ्या नळ्यांचे तुकडे रानात कापतच नाहीत. हिवाळ्याच्या संध्याकाळी, घरातल्या उबेत, टेबलावर बसवलेल्या कटरने एका मापाचे तुकडे कापून, त्यांना तोटी आणि टी जोडून गठ्ठे बांधून ठेवतात. उबेत नळी मऊ असते, काप स्वच्छ येतो, आणि रानात फक्त लॅटरलवरचा काप उरतो.

मेनलाइनची गोष्ट वेगळी. ती पाऊण ते दीड इंच पोकळीची, जाड भिंतीची पॉलिएथिलीनची नळी असते. तिला प्लंबर वापरतात तो रॅचेटचा पाइप कटर योग्य. मूठ दाबत गेले की पाते टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आणि मध्ये सोडले तरी मागे येत नाही, त्यामुळे एका हाताच्या ताकदीतही जाड पाइप कापला जातो. घेताना त्याचा जबडा किती उघडतो ते बघावे आणि आपल्या सर्वांत जाड पाइपच्या बाहेरच्या व्यासाशी ते ताडून पाहावे. वेष्टनावर लिहिलेले माप पुष्कळदा आतल्या पोकळीचे असते. मेनलाइन तारेला बांधलेली असल्यामुळे कापण्याआधी दोन्ही बाजूंच्या बांधण्या सोडाव्या लागतात. ही तार ताठ पोलादाची असते. ती कापायला वेगळी, कडक पात्याची पक्कड लागते. नळीचा कटर त्या तारेवर चालवला की त्याच क्षणी निकामी होतो, आणि ताणलेली तार सुटून फटका मारते तो वेगळाच.

लॅटरल मेनलाइनला जोडताना कापायचे नसते, भोक पाडायचे असते. त्यासाठी ठिबकच्या सबमेनला ग्रोमेट बसवताना वापरतात तसे गोल दातांचे बिट असते. इथेही मुद्दा भुशाचा आणि कापलेल्या चकतीचा. चकती बिटमध्ये अडकून बाहेर आली पाहिजे. ती पाइपमध्ये पडली तर पुढच्या पंपाच्या किंवा गाळणीच्या वाटेला लागते. मागची भिंत न टोचणारा, खोलीला अटकाव असलेला बिट घेणे इष्ट.

दुरुस्तीला कटरची खरी परीक्षा होते. हंगामात खारी नळ्या कुरतडतात, फांद्या पडतात, हरिणे आणि मूस जातीची थोराड हरिणे लॅटरल ओढून नेतात. मग एक माणूस रेषेने चालत जातो. नळी अर्धपारदर्शक असल्यामुळे आतले बुडबुडे दिसतात. रस सावकाश आणि बुडबुडे मात्र वेगाने धावत असतील तर वरच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. शांत सकाळी शिट्टीसारखा बारीक आवाजही ऐकू येतो. जागा सापडली की कुरतडलेला भाग कापून काढून जॉइनर घालायचा. अशा वेळी जुना जोड काढताना बरेच जण नळी टीवरच उभी चिरतात आणि सोलून काढतात. त्यात पाते दात्यावर ओरखडा उमटवते, आणि तो ओरखडा नव्या नळीखाली हवेची वाट होतो. टी पुन्हा वापरायची असेल तर नळी दात्यांच्या पुढे कापावी आणि अडकलेला तुकडा पकडीने पिळून ओढावा. नाहीतर टी सरळ फेकून द्यावी, तिची किंमत एका संध्याकाळच्या रसापेक्षा कमी असते. दात्यांवरून एकदा ताणलेले नळीचे टोक पुन्हा तितकेसे आवळत नाही, म्हणून तेवढा भाग कापून टाकूनच नवा जोड करावा. प्रत्येक दुरुस्तीत नळी बोटभर आखूड होते आणि दोनतीन वर्षांनी मधे जादा तुकडा घालायची वेळ येते.

पात्याच्या पोलादाबद्दल दुकानदार बरेच बोलतात. साध्या कार्बन पोलादाची धार टिकते, पण ते गंजते, आणि बर्फात व गोड रसात काम करणाऱ्या हत्याराला गंज लवकर धरतो. स्टेनलेस पाते गंजत नाही, धार मात्र थोडी लवकर जाते. बदलायची पाती असतील तर स्टेनलेस घ्यावे, धार लावून वापरायचे असेल तर कार्बन. याहून अधिक विचार करण्यासारखे त्यात नाही. रस हे खाद्य असल्यामुळे पात्याला वंगण लावायचे तर खाद्यपदार्थांसाठी चालणारे तेलच लावावे, यंत्राचे नव्हे. वाळलेला रस चिकटून पाते जड चालते. रोज संध्याकाळी गरम पाण्याने पुसून कोरडे केले की पुरते.

काळ्या किंवा हिरव्या मुठीचे हत्यार बर्फात पडले की वसंतात बर्फ वितळल्यावरच सापडते, म्हणून मूठ नारिंगी किंवा लाल असावी. नसेल तर तिला रंगीत टेप गुंडाळावी आणि दोरीने कमरेला बांधावे. बंद केल्यावर पाते अडकवून ठेवणारी कडी हातमोज्यासकट उघडता येते का, तेही पाहावे. नळी धरणाऱ्या हातात कापापासून वाचवणारा विणीचा मोजा आतून घातलेला बरा.

पंधरावीस झाडांना नळ्या लावून घरापुरता पाक करणाऱ्याला खाचेचा छोटा कटर आणि गरम पाण्याचा थर्मॉस पुरतो. शेदोनशे तोट्यांच्या पुढे गेले की दुहेरी पकडीचे हत्यार एकदोन हंगामांत पैसे वसूल करते. मोठ्या रानात माणशी एक असे ते लागते, शिवाय प्रत्येकाच्या कमरेला छोटा कटर आणि मेनलाइनच्या टोळीकडे रॅचेट. कोणतेही हत्यार पसंत करण्यापूर्वी एक चाचणी घरबसल्या करता येते. नळीचा तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा, सकाळी हातमोजे घालून दहा काप घ्यावेत आणि दहाही टोके टेबलावर उभी करावीत. जे टोक आधाराशिवाय सरळ उभे राहत नाही, ते टीच्या खांद्यालाही नीट टेकणार नाही. दहांपैकी दोनतीन टोके कलत असतील तर दोष हाताचा की कटरचा, हे दुसऱ्या एखाद्या सरावलेल्या माणसाकडून तेच दहा काप घेऊन ठरवावे, आणि कटर परत करता येईल तोवरच ठरवावे.